मोरारजींचा हिशेब, येडशीच्या बाकावर

दांडा घट्ट धरा आणि डोळे अर्धेच उघडे ठेवा. इंजिनातून उडालेली कोळशाची कणी डोळ्यात गेली, तर येडशी येईपर्यंत चोळत बसाल. अंगावर घोंगडं आहे ना? चाचपून बघा. त्याला मेंढीचा, धुराचा आणि आधीच्या मालकाच्या तंबाखूचा वास येतोय, पण जानेवारीच्या या पहाटे तेच तुम्हाला तारणार आहे. खिशातला मोबाइल गेला. त्याच्या जागी पुठ्ठ्याचं छोटं तिकीट आहे, तिसऱ्या वर्गाचं. ते तेवढं सांभाळा.

ही बार्शी लाइट. अडीच फुटांचे रूळ, लाकडी बाकं, गुडघ्याला गुडघा. तुमच्या पायाशी कोंबड्यांची पाटी आहे, डोक्यावरच्या फळीवर रॉकेलचा डबा, आणि शेजारच्या आजीच्या मांडीवर झोपलेलं नातवंड हळूहळू तुमच्या मांडीवर सरकतंय. सरकू द्या. समोर बार्शीला रात्रपाळी संपवून चढलेले गिरणी कामगार बसलेत. त्यांच्या भुवयांवर अजून कापसाची लव आहे. एका विडीवर दुसरी पेटते, दुसरीवर तिसरी, आणि खिडकी उघडावी तर बोचरं वारं आत येतं. डब्यानं बहुमतानं धूर पसंत केलाय.

"आज हाय न्हवं दिल्लीत?" कुणीतरी विचारतं.

"आजच."

"मग? बाई का मोरारजी?"

आणि डबा जागा होतो.

आजची तारीख १९ जानेवारी १९६६. आठ दिवसांपूर्वी ताश्कंदला पंतप्रधान शास्त्रीजी गेले. संक्रांतीचा तिळगूळ हातावर ठेवताना लोक गोड बोला म्हणायचं विसरले, इतका तो माणूस घरचा झाला होता. सोमवारी एक वेळचं जेवण सोडा म्हणाला, तर लोकांनी सोडलं. आता त्याच्या जागी कोण, हे काँग्रेसचे खासदार आज दिल्लीत मत टाकून ठरवणार आहेत. एकीकडे इंदिरा गांधी, दुसरीकडे मोरारजी देसाई. या डब्यातल्या कुणालाही त्यात मत नाही. डब्याला त्याची पर्वा नाही.

पांगरी गेली. आता इंजिनाचा श्वास बदललेला ऐका. बालाघाटाचा चढ लागला. गाडी इतकी हळू होते की पोरं उडी मारून खाली उतरतात, रुळांलगतच्या बोरी झोडपतात आणि खिसे भरून मागच्या डब्यात चढतात. एक बोर तुमच्याही हातात येतं. खा. आंबट आहे, गार आहे, दातांत कळ जाते. दोन्ही बाजूंना वाळलेलं रान, पळसाच्या काटक्या, खडक. यंदा पाऊस गेला, म्हणून गवताचा रंग उन्हाळ्यासारखा झालाय. माकडं रुळांच्या कडेला ओळीनं बसून गाडीत कोण काय खातंय ते बघतायत. आजी खिडकीतून हात जोडते. खाली घळीत रामलिंग आहे. रावणाशी एकट्यानं झुंजलेला जटायू इथंच पडला, असं इथली माणसं मानतात. त्याची समाधी त्या देवळापाशी दाखवतात. हे लक्षात ठेवा, तासाभरानं चहाच्या बाकावर हा जटायू पुन्हा येणार आहे.

या चढावर आणखी एक गोष्ट आहे, डोळ्यांना न दिसणारी. पांगरीच्या पुढं कुठंतरी तुम्ही एक जुनी हद्द ओलांडलीत. निजाम होता तेव्हा बार्शी मुंबई इलाख्यात आणि येडशी हैदराबाद संस्थानात होती. करोडगिरीवाले म्हणजे निजामाचे जकातवाले गाठोडी सोडायला लावत. रझाकारांच्या दिवसांत याच वाटेनं कितीतरी घरं रातोरात बार्शीकडं पळाली. निजाम गेला तरी हद्द राहिली. मोरारजी देसाई १९५२ ते १९५६ मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते, तेव्हा त्यांचं राज्य या घाटाच्या पायथ्याला संपायचं. १ नोव्हेंबर १९५६ ला येडशी मुंबई राज्यात आली, त्याच दिवशी त्या राज्याच्या खुर्चीवर यशवंतराव चव्हाण बसले. मोरारजींचा कारभार येडशीनं शेजारच्या घरातला संसार पाहावा तसा पाहिलाय. सगळं ऐकू यायचं, काही अंगावर यायचं, बोलायला मात्र पूर्ण मोकळीक.

उतरा. येडशी.

धक्का लागला तरी उभे राहा, कारण सगळी गाडी एकदमच उतरते. उस्मानाबादला रेल्वे नाही. वीसेक किलोमीटरवरचं ते जिल्ह्याचं गाव रेल्वेला भेटायला येडशीला येतं. बाहेर एस.टी. उभी आहे, तिचा कंडक्टर दारात लटकून ओरडतोय, आणि वकिलाचा कारकून, सासरी निघालेली लेक, कोर्टाच्या तारखेचा म्हातारा, सगळे तिच्यावर तुटून पडलेत. तुम्हाला घाई नाही. फलाटावर लातूरकडून आलेल्या गुळाच्या ढेपा उतरवून ठेवल्यात. त्यांचा गोड, किंचित आंबूस वास आणि इंजिनाच्या वाफेचा ओला वास एकमेकांत मिसळलाय. हमाल चाचा ढेप पाठीवर घेताना दर वेळी "या अल्ला" म्हणतो आणि खाली ठेवताना "हां, रामा".

हॉटेल म्हणजे चार खांब, वर पत्रा, आत काळंठिक्कर झालेलं. चुलीवर गुळाचा चहा उकळतोय, कढईत शेंगतेल तापलंय, भज्यांचा पहिला घाणा पडला की सगळं बाक एकदम गप्प होतं आणि मग दुप्पट आवाजात बोलायला लागतं. तुम्ही पाहुणे. जागा करून देतात. कप फुटका आहे, बशीत ओतून प्या. सोलापूरचा पेपर चार पानांत चार जणांकडं वाटला गेलाय. आचार्य अत्र्यांचा मुंबईचा कालचा ‘मराठा’ एकाच्या काखेत आहे, तो सोडायला तयार नाही.

"बापू, काय लिवलंय अत्र्यानं?"

"काय लिवणार? मोरारजीला धुतलाय."

"रोजच धुतोय की. आज नवीन काय?"

कोपऱ्यात गुरुजी बसलेत. शिक्षण उर्दूतून झालेलं, सही अजून उजवीकडून डावीकडं करतात, अंगात खादी. ते मोरारजींच्या बाजूचे. असा एकतरी माणूस प्रत्येक बाकावर लागतो, आणि गुरुजी त्याचं काम मनापासून करतात. त्यांचं म्हणणं नीट ऐकून घ्या. पुढं गोंगाटात ते बुडणार आहे, आणि ते खोटं नाही.

"हा माणूस डेप्युटी कलेक्टर होता," गुरुजी म्हणतात. "१९३० साली इंग्रजाची नोकरी सोडून तुरुंगात गेला. महसूल खातं हातात आलं तेव्हा १९४८ ला मुंबई इलाख्यात कुळकायदा केला. पांगरीच्या कुळाला विचारा, तो सांगेल कुणामुळं त्याच्या बांधाला बांध राहिला. पैशाला शिवला नाही. चहासुद्धा पीत नाही म्हणतात."

"चहा पीत न्हाई?" भजी तळणारा थबकतो. मोरारजींचं एक मत इथंच गेलं.

"आन् दारूचं बोला की गुरुजी," एक म्हातारा डोळे मिचकावतो. त्याच्या तोंडात दात कमी आणि आठवणी पुष्कळ. "एप्रिल पन्नासला तिकडं दारू बंद झाली. आमच्याकडं हैदराबादचं राज्य, शिंदी मोकळी. मग सांजच्या गाडीला बार्शीकडचे पाव्हणे कशाला येत हुते? रामलिंगाच्या दर्शनाला?"

बाक खो खो हसतं. गुरुजी हसत नाहीत. दारूबंदी त्यांना मनापासून पटलेली आहे. त्यांच्या वडिलांचं शेत शिंदीत गेलंय, हे गावातल्या सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून हसू लवकर थांबतं. गावात वाद असा चालतो. समोरच्याचं घर माहीत असतं.

आता बाकाच्या टोकाला बसलेल्या त्या माणसाकडं बघा. चाळिशीचा, केस तेल लावून मागं वळवलेले, मनगटावर घड्याळ. मुंबईला परळच्या गिरणीत आहे, आईच्या आजारपणाला आलाय. आतापर्यंत तो बोललेला नाही. गुरुजी पुढं सरसावतात.

"आणि हिंमत बघा. दोन वर्षांमागं शास्त्रीजींच्या वेळी सगळे एकमताचं म्हणाले, तेव्हा हा बाजूला झाला. आता पुन्हा बहुतेक मुख्यमंत्री बाईच्या बाजूनं. आकडा विरुद्ध आहे हे याला कळत नाही? तरी उभा राहिला. म्हणाला, मत टाका, मोजा. हरणार हे ठाऊक असून लढणारा आपल्या रामलिंगात एकच होऊन गेला. जटायू."

परळवाला कप खाली ठेवतो.

"गुरुजी," तो म्हणतो, "जटायूनं गोळ्या घातल्या न्हवत्या."

चूल फुरफुरते. कुणीतरी भज्याचा तुकडा हातात धरून तसाच बसलाय.

"मी फाउंटनला हुतो," तो सांगतो, आणि त्याचा आवाज चढत नाही, म्हणून तो अधिक ऐकू येतो. "एकवीस नोव्हेंबर. पंचावन्न साल. आमच्या खात्यातली निम्मी माणसं हुती. आम्ही मुंबई मागायला गेलतो, कुणाचं घर लुटायला न्हाई. आधी धूर सोडला. डोळ्याला धोतर ओलं करून लावलं. मग आवाज आला, तो फटाक्यासारखा. शेजारचा बसला. मला वाटलं, धुरानं बसला." तो थांबतो. "पुढच्या जानेवारीत तर गिरणगावात गल्ली-गल्लीत गोळी. एकशेपाच माणसं. हुकूम कुणाचा हुता? तवा मुख्यमंत्री कोण हुता?"

गुरुजी चष्मा काढून पुसतात. एकशेपाच या आकड्याला इथं कुणी उत्तर देत नाही. पुढं संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांच्या यादीत आणखी एक नाव वाढेल आणि आकडा एकशेसहा होईल, पण हे तुम्ही बोलू नका.

माझं विचाराल तर, या बाकावरचे दोघंही खरे आहेत, आणि म्हणूनच हा वाद पुस्तकातल्या कुठल्याही चरित्रापेक्षा मला मोलाचा वाटतो. मोरारजी देसाई एकच माणूस होता. ज्या ताठ मानेनं तो पैशाला शिवला नाही, त्याच ताठ मानेनं त्यानं रस्त्यावरच्या माणसांचं ऐकलं नाही. वेगळं गुजरात मागणाऱ्या महागुजरातवाल्यांवरही त्याच्याच राज्यात गोळी चालली, आणि त्यांच्यासमोर तो अहमदाबादेत उपास करून बसला. त्याला आपलं चुकतंय असं वाटलंच नाही. स्वच्छ हाताचा राज्यकर्ता हवाच. पण ज्याला स्वतःच्या स्वच्छतेची इतकी खात्री झाली आहे की समोरच्याचं रडणं त्याला बेशिस्त वाटतं, त्याच्या हातात पोलीस देताना जपावं, असं मला ठामपणे वाटतं. गुरुजींची खादी आणि परळवाल्याचं ओलं धोतर, दोन्ही शेजारी ठेवूनच त्या माणसाचा हिशेब होतो.

पण हिशेब अजून अर्धाच झालाय. हॉटेलच्या बाहेर बघा, पत्र्याच्या सावलीत. एक तिशीचा माणूस उकिडवा बसून चहा पितोय. त्याचा कप वेगळा आहे, खांबाच्या खिळ्याला टांगलेला असतो, पिऊन झाला की त्यानंच धुवायचा. पहाटेपासून तुम्ही या गावाच्या प्रेमात पडत चालला असाल, तर इथं जरा थांबा आणि तो कप नीट बघा.

"गुरुजी, मी बोलू का?" तो बाहेरूनच म्हणतो.

"बोल की."

"तडवळ्याला एक्केचाळीसला बाबासाहेब आले हुते. मी पोरगा हुतो, बापाच्या खांद्यावरून बघितलं. बाबासाहेब म्हणले, वतनाच्या नादी लागू नका. आता तुमी कुळकायदा म्हणताव, ते म्हणत्यात गोळी. दोन्ही खरं. पर कुळकायदा कुळाला. ज्याचं नाव कुठल्याच कागदावर कुळ म्हणून लागलं न्हाई, त्यानं आज दिल्लीत कोण निवडून यावं म्हणावं? त्याचं खातं कंच्या वहीत हाय?"

आत बसलेल्यांतला एकही जण त्याला आत बोलावत नाही. गुरुजीही नाही. परळवाला मात्र उठतो, आपला कप घेऊन बाहेर जातो आणि त्याच्या शेजारी उकिडवा बसतो. तुम्हीही जा. उन्हाची तिरीप आली आहे तिथं, बरं वाटेल.

ऊन वर आलं की गावात चला. पायाखाली धूळ मऊ आहे, मधूनच शेणाच्या ताज्या सड्याचा वास. सोनाराच्या ओट्यावर टेका. शेगडी आहे, फुंकणी आहे, ऐरण आहे, आणि शेगडीत विस्तव नाही. सोनारमामा एका स्टोव्हचा बर्नर साफ करतायत.

त्यांच्याकडं मोरारजींचा विषय तुम्ही काढायची गरज नाही.

"चौदा कॅरेट," ते म्हणतात. एवढंच म्हणतात, आणि बर्नरमधली पिन जोरात ओढतात.

मग हळूहळू सांगतात. चीनच्या लढाईनंतर सरकारला सोनं हवं होतं, परदेशातून चोरून येणारं सोनं थांबवायचं होतं. अर्थमंत्री मोरारजी. १९६३ च्या जानेवारीत हुकूम निघाला, यापुढं चौदा कॅरेटहून चोख दागिना घडवायचा नाही. चौदा कॅरेट म्हणजे शंभरात अठ्ठावन्न भाग सोनं, बाकी तांबं नि काय ते. "त्याची तार वढली की तुटती. मणी फुंकला की फुटतो. रंग बघा, पितळ बरं." परवाना, वह्या, फॉर्म. बाप आणि आजा ज्या शेगडीपुढं म्हातारे झाले ती तीन वर्षं गार. पुढं सरकारनं थोडी ढील दिली, पण गिऱ्हाईक एकदा बिथरलं ते बिथरलं. देशात कितीतरी सोनार देशोधडीला लागले, काहींनी जीव दिला, त्या बातम्या मामांनी कात्रणं करून देवघरात ठेवल्यात.

"त्या मानसानं पैसा खाल्ला न्हाई म्हणत्यात," मामा म्हणतात. "मी कुठं म्हणतो खाल्ला? पर त्यानं एकदा तरी ह्या ओट्यावर बसून बघायचं हुतं."

पुढं जाताना कानावर पुक् पुक् पुक् येईल. ती पिठाची गिरणी, तेलाच्या इंजिनावर चालणारी. जवळ गेलात की गरम पिठाचा वास नाकात भरतो, पण आज त्या वासात काहीतरी वेगळं आहे. डबे बघा. ज्वारी थोड्याच डब्यांत आहे, बाकीच्यांत मिलो. अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी, रेशनची. तिची भाकरी थापताना तुटते, आणि तव्यावर टाकली की घरभर अनोळखी वास पसरतो. यंदाच्या जानेवारीत शेतात हुरड्याची आगटी पेटायला हवी होती. कणसंच भरली नाहीत.

रांगेत बायका आहेत. इंजिनावर मात करायची म्हणून मोठ्यानं बोलतात, त्यामुळं तुम्हाला सगळं ऐकू येईल. हॉटेलात बाई का मोरारजी असा प्रश्न होता. इथं प्रश्न वेगळा मांडला जातो.

"दारू बंद केली त्यानं, हे एक काम झ्याक केलं," एक म्हणते. "हातभट्टी निघाली ती निघाली, पर निदान चोरून प्यावी लागती."

"चोरून पितो न् उघड्यावर मारतो," दुसरी म्हणते. कुणी हसत नाही. तिच्या कपाळावर जुनी खूण आहे.

"माज्या लेकीच्या डोरल्याला चौदा कॅरेटचा मणी," तिसरी डबा पुढं सरकवते. "सासूनं दातानं चावून बघितला. म्हणली, हे काय दिलं माह्यारानं. म्या काय सांगू, दिल्लीच्या मंत्र्यानं दिलं म्हणून?"

"पर बाई राज्य चालवल का वो?"

आता रांगेतली सगळ्यात म्हातारी वळते. कमरेत वाकलेली, नऊवारीचा काष्टा घट्ट, कपाळभर कुंकू. "तुळजापूर किती लांब हाय इथनं?" ती विचारते. "आईनं शिवाजीराजाला तलवार दिली म्हणताव न्हवं? मग तलवार द्यायला बाई चालती, अन् राज्य करायला का चालू नये गं? इंदूरची अहिल्याबाई काय गडी हुती?"

पुक् पुक् पुक्. उत्तर नाही. पीठ उडतंय, तिच्या पापण्या पांढऱ्या झाल्यात.

दुपार येडशीत लांब असते. जेवून घ्या. तुम्हाला ज्या घरी बोलावलंय तिथं मिलोची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि पातळ आमटी आहे. पाहुण्याच्या ताटात मात्र एक ज्वारीची भाकरी टाकलेली असेल. ती कुणाच्या वाट्याची आहे हे विचारू नका, पण उष्टी टाकू नका. दुपारच्या गाडीनं मुंबईचे पेपर येतात, यशवंतरावांचा फोटो हातोहात फिरतो. "आपलाच मानूस का न्हाई उभा राहिला?" हा प्रश्न प्रत्येक पारावर निघतो. संरक्षणमंत्री होऊन चव्हाणांना तीन वर्षं झालीत, सह्याद्री हिमालयाच्या मदतीला गेला हे लोकांच्या तोंडी बसलंय. आपला माणूस दिल्लीच्या सगळ्यात वरच्या खुर्चीवर बसलेला बघायची ही हौस आज तुम्ही पारावर ऐकताय, ती तुमच्या काळातही तशीच जिवंत आहे, हे तुम्हाला सांगायला नको.

हमाल चाचा पाराच्या कडेला विडी ओढतोय. त्याला कुणीतरी विचारतं, चाचा, तुमचं काय? तो म्हणतो, "जो येईल त्यानं अनाज द्यावं." अठ्ठेचाळीस सालाबद्दल तो कधी बोलत नाही. रझाकारांनी जाळलेली गावं इथल्या लोकांनी पाहिली, आणि पोलीस ॲक्शननंतर या जिल्ह्यात मुसलमानांची जी कत्तल झाली तीही पाहिली. या पारावर दोन्हीकडची माणसं बसतात. राजकारणावर भांडतात. त्या एका वर्षाला कुणी हात लावत नाही.

दिवेलागणीला ग्रामपंचायतीकडं चला. गर्दी आधीच जमली आहे, पोरं पुढं, बाप्ये मागं, बायका भिंतीच्या आडोशाला. सरकारी रेडिओ लाकडी पेटीत कुलूप लावून ठेवलेला. किल्ली ज्याच्याकडं आहे तो आज गावातला सगळ्यात मोठा माणूस. परभणीचं आकाशवाणी केंद्र अजून सुरू व्हायचंय, त्यामुळं आवाज लांबून, खरखरत, लाटेसारखा मोठा-बारीक होत येतो. थंडी खांद्यात शिरते. कुणाच्यातरी घोंगड्यात तुम्हालाही जागा मिळते. लसणाचा, कडब्याचा, माणसांच्या घामाचा ऊबदार वास.

खर्र... श्रीमती इंदिरा गांधी... खर्र... तीनशे पंचावन्न. श्री. मोरारजी देसाई... एकशे एकोणसत्तर.

पोरं टाळ्या वाजवतात, कारण काहीतरी झालंय. भिंतीच्या आडून बांगड्यांचा आवाज आणि एक दबलेलं हसू. परळवाला हाताची घडी घालून उभा आहे. त्याला आनंद झाला का, हे त्याच्या तोंडावरून कळत नाही. गुरुजी एवढंच म्हणतात, "एकशे एकोणसत्तर म्हणजे कमी नाहीत." आणि सोनारमामा, गर्दीच्या अगदी मागून, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतात, "मग आता चौदा कॅरेट जाणार का?"

कुणालाच माहीत नाही.

तुम्हाला पुढचं बरंच माहीत आहे. हेच तुमच्या प्रवासातलं सगळ्यात अवघड काम, गप्प बसणं. गुरुजींच्या कानात सांगावंसं वाटेल की धीर धरा, अकरा वर्षांनी, १९७७ च्या मार्चमध्ये, याच बाईंचा पराभव होईल आणि तुमचा मोरारजी वयाच्या ८१ व्या वर्षी पंतप्रधान होईल. परळवाल्याला सांगावंसं वाटेल की त्या दिवशी तुझ्या डोळ्यात पाणी येईल आणि ते कशाचं हे तुलाच कळणार नाही, कारण तोवर आणीबाणीनं तुरुंगात गेलेला मोरारजी तुला वेगळाच वाटत असेल. पिठाच्या रांगेतल्या म्हातारीला तर सांगायलाच नको, तिनं सकाळीच सांगून टाकलं होतं. ओठ मिटून घ्या. त्यांना त्यांचं भांडण त्यांच्या वेळेवर भांडू द्या. त्यांनी पुढची निवडणूक पाहिलेली नाही, म्हणून ते माणसाकडं पाहतात. त्यानं जमिनीचं काय केलं, सोन्याचं काय केलं, गोळीचं काय केलं.

आज जेव्हा कुठल्यातरी राज्याच्या मुख्यमंत्र्याला दिल्लीची खुर्ची खुणावते आणि टीव्हीवर त्याच्या कर्तबगारीचे आलेख झळकू लागतात, तेव्हा मला त्या बाकाची फार गरज वाटते. आलेखात गुरुजींची कुळं मावतील. परळवाल्याचा शेजारी बसला, तो कुठल्या रकान्यात घालायचा? आणि खांबाला टांगलेला कप? ज्या वादात एखाद्याचा कारभार असा चहूबाजूंनी, ओळखीच्या माणसांच्या तोंडून तपासला जातो, तो वाद कितीही गोंगाटाचा असला तरी मला लोकशाहीचं सगळ्यात प्रामाणिक काम वाटतो.

आता परत या. घोंगडं ज्याचं त्याला द्या. तुमच्या काळात अडीच फुटी रूळ उखडले गेलेत, ब्रॉडगेज आली, गाडी आता जिल्ह्याच्या गावालाही जाते आणि त्या गावाचं नाव धाराशिव झालंय. रामलिंगाचं रान अभयारण्य आहे. पण त्या संध्याकाळी रेडिओपुढं पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवणारी जी पोरं होती, ती आज सत्तरीच्या आसपास आहेत. येडशीला, तडवळ्याला, पांगरीला, बार्शीला. तुमच्याही गावात आहेत. चौदा कॅरेटचं त्यांना आठवतं, मिलोची भाकरी आठवते, कुणाचा कप कुठं टांगलेला असायचा तेही आठवतं. त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, तेव्हाच्या पुढाऱ्यांचा हिशेब तुमच्या घरात कसा मांडला जायचा. विचारायला फार वर्षं उरलेली नाहीत. या दिवाळीला गावी जाल, तेव्हाच विचारा.